कमी व्होल्टेजच्या सोल्डरिंग आयर्नमधलं लिकेज: मोजायचं कसं आणि अर्थिंग द्यायचं कसं

२४ व्होल्टवर चालणारं सोल्डरिंग आयर्न घेतलं की आपण निर्धास्त होतो. जिवाच्या दृष्टीने ते बहुतेक वेळा बरोबरही आहे. पण अॅडॉप्टरवर छापलेले २४ व्होल्ट त्याच्या प्लस आणि मायनस या दोन तारांमधले असतात. टिप आणि जमीन यांच्यात किती व्होल्ट आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर हा दुसरा आकडा शंभरच्या वर निघणं अगदी नेहमीचं आहे.

या व्होल्टेजमुळे टिपमधून जमिनीकडे झिरपणाऱ्या करंटला लिकेज म्हणतात. त्याच्या खुणा कामाच्या टेबलावर रोज दिसतात. जॅकचा बाहेरचा धातू बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच घासला की मुंग्या येतात. टिप टेकवताच मायक्रोकंट्रोलर आपोआप रीसेट होतो. अॅम्प्लिफायरच्या इनपुटला टिप लागली की स्पीकर घुमायला लागतो. बोर्डावरचा एखादा एलईडी सप्लाय नसतानाही मंद उजळतो, कारण आजच्या चांगल्या एलईडीला दिसण्यापुरतं पेटायला काही दहा मायक्रोअँपिअर पुरतात. आणि कधी कधी नवा कोरा मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) लावल्या लावल्या मेलेला निघतो.

टीएस१००, पाइनसिल यांसारखी पेनाएवढी आयर्न, टी१२ कार्ट्रिजवर चालणारी स्वस्त स्टेशनं, किंवा जुन्या लॅपटॉपच्या अॅडॉप्टरवर चालवलेलं काहीही ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा. मोजमाप आधी आणि तार जोडणं नंतर, हा क्रम विशेष महत्त्वाचा आहे.

## १. लिकेज येतं कुठून

आजचे जवळजवळ सगळे अॅडॉप्टर स्विचिंग पद्धतीचे असतात. मेन्सचा एसी आधी डीसी होतो, तो वेगाने चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जातो. या चालू-बंदमुळे रेडिओ गोंगाट तयार होतो. तो आवरण्यासाठी मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम लावलेला असतो. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. त्याची किंमत साधारण १ ते ४.७ नॅनोफॅरडच्या दरम्यान असते.

डीसीला तो अडवतो, पण ५० हर्ट्झचा थोडासा एसी त्यातून झिरपतोच. अॅडॉप्टर दोन पिनांचा असेल तर या झिरपलेल्या करंटला जमिनीकडे जायला वाट नसते. मग आउटपुटच्या दोन्ही तारा मिळून जमिनीच्या तुलनेत वर-खाली हेलकावत राहतात. २३० व्होल्टच्या मेन्सवर हा हेलकावा साधारण ११५ ते १२५ व्होल्टपर्यंत जातो. टिप आउटपुटच्या मायनसला जोडलेली असेल तर तीही त्यांच्याबरोबर हेलकावते.

करंट मात्र फार छोटा असतो. २.२ नॅनोफॅरडच्या वाय कपॅसिटरमधून टिप थेट जमिनीला टेकवली तर सुमारे ८० मायक्रोअँपिअर वाहतील. माणसाला एसी करंट जाणवायला लागतो तो साधारण अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास. धातूला हलका, निसटता स्पर्श झाला की त्याहून कमी करंटही चुरचुरतो, कारण सगळा करंट त्वचेच्या टिचभर जागेतून जातो. म्हणजे मुंग्या आल्या म्हणून अॅडॉप्टर बिघडलाय असं नाही.

मग पार्टना धोका कशाचा? दोन गोष्टींचा. पहिली म्हणजे टेकण्याच्या क्षणी होणारा कपॅसिटरचा डिस्चार्ज. २.२ नॅनोफॅरड १६० व्होल्टला (११५ व्होल्ट एसीच्या शिखराला) चार्ज असतील तर त्यात सुमारे २८ मायक्रोज्यूल ऊर्जा असते. स्टॅटिकच्या (अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेच्या) चाचणीत माणसाचं शरीर म्हणून १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर धरतात. त्या हिशेबात ही ऊर्जा जवळपास ७५० व्होल्टच्या स्टॅटिक झटक्याइतकी होते. शिवाय त्या चाचणीत करंट रोखायला दीड किलोओहमचा रेझिस्टर असतो, धातूच्या टिपमध्ये तसं काहीच नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सतत झिरपणारा करंट. २एन७००२ सारख्या छोट्या मॉस्फेटच्या गेटला (नियंत्रण करणाऱ्या पायाला) सोर्स या दुसऱ्या पायाच्या तुलनेत २० व्होल्टपर्यंतच परवानगी असते आणि त्या गेटची कपॅसिटन्स असते जेमतेम ५० पिकोफॅरड. सोर्स कुठूनतरी अर्थला जोडलेला आहे आणि गेट मोकळं आहे असं धरा. ८० मायक्रोअँपिअरला ते गेट २० व्होल्टपर्यंत न्यायला बारा-तेरा मायक्रोसेकंद पुरतात. एक डाग द्यायला लागणाऱ्या वेळात हे कितीतरी वेळा घडू शकतं.

साधे रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, कनेक्टर, रिले यांना यातलं काहीही बाधत नाही. गेटला संरक्षण नसलेले मॉस्फेट, जेफेट इनपुटचे पार्ट, इलेक्ट्रेट माइक आणि विशेषतः लेसर डायोड यांच्यासाठी मात्र ही सगळी खबरदारी हवी. लेसर डायोड उलट दिशेचे दोन-चार व्होल्टही नीट सोसत नाही.

## २. लागणारं सामान

फार काही लागत नाही:

- डिजिटल मल्टिमीटर, इनपुट रेझिस्टन्स १० मेगओहमचा असेल तर उत्तम
- १०० किलोओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, पाव किंवा अर्धा वॅटचे
- क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या तीन-चार तारा
- खात्रीचं अर्थिंग असलेला एक बिंदू (याबद्दल पाचव्या पायरीत)
- तांब्याच्या कोऱ्या पीसीबीचा छोटा तुकडा
- टिप पुसायला पितळी तारांचा गोळा

निऑनचा टेस्टर या यादीत मुद्दाम घातलेला नाही. तो लिकेजनेही मंद पेटतो आणि खऱ्या फॉल्टनेही पेटतो. दोन्हींतला फरक त्याच्या उजेडावरून ओळखता येत नाही, आणि आपल्याला नेमका तोच ओळखायचा आहे.

## ३. वीज बंद असताना: टिप कशाला जोडलेली आहे

अॅडॉप्टर सॉकेटमधून पूर्ण काढा. आयर्न थंड हवं. मीटर ओहमवर ठेवा आणि आयर्नच्या बाजूने तीन रीडिंग घ्या.

टिप आणि सप्लायचा मायनस. गोल जॅक असेल तर बहुतेक वेळा बाहेरचा धातू मायनस असतो, पण मीटरने खात्री करून घ्या. इथे एक-दोन ओहम आले तर टिप थेट मायनसला जोडलेली आहे. लाखांत किंवा मेगओहममध्ये रीडिंग आलं तर मध्ये रेझिस्टर आहे. काहीच आलं नाही तर टिप वेगळी आहे, पण हीटर आणि टिप इतकी जवळ असतात की कपॅसिटन्समधून थोडं लिकेज तरीही पोहोचतं.

टिप आणि सप्लायचा प्लस. हे रीडिंग बरेच जण घेत नाहीत. थेट जोड सापडली तर ते आयर्न आधी उघडून समजून घ्या. अशा आयर्नची टिपही अर्थला आणि सप्लायचा मायनसही अर्थला जोडलात तर सप्लाय शॉर्ट होईल.

टिप आणि अर्थची जागा. काही आयर्नला अर्थची तार लावायला छोटा स्क्रू दिलेला असतो. टी१२ च्या कार्ट्रिजला तीन कॉन्टॅक्ट असतात आणि त्यातला एक फक्त अर्थसाठी असतो. त्या कॉन्टॅक्टपासून स्टेशनच्या तीन पिनांच्या इनलेटच्या अर्थ पिनेपर्यंत सलग जोड दिसायला हवी.

स्वस्त टी१२ स्टेशनांत हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे इनलेट तीन पिनांचा, केबल तीन तारांची, आणि आत अर्थची पिन कुठेच जोडलेली नाही. बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं. अशी पेटी धातूची असेल तर प्रश्न पार्टचा राहत नाही, तुमच्या जिवाचा होतो. आत मेन्सची तार सुटून पेटीला लागली तर फ्यूज उडवायला काहीच नाही. अशी पेटी अर्थची तार पेटीला आणि हँडलच्या अर्थला नीट जोडून घेईपर्यंत चालू करू नका. मेन्सच्या कामाचा हात नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

आता अॅडॉप्टर. तीन पिनांचा असेल तर त्याच्या प्लगची अर्थ पिन आणि आउटपुटचा मायनस यांच्यात मोजा, अर्थातच सॉकेटबाहेर. लॅपटॉपच्या काही अॅडॉप्टरांत हे दोन्ही आतून जोडलेले असतात. एक ओहमच्या आसपास आलं आणि टिपही मायनसला जोडलेली असेल, तर तुमचं काम जवळपास झालं. काही अॅडॉप्टरांत मात्र तिसरी पिन फक्त आतल्या फिल्टरपर्यंत जाते आणि आउटपुट तरंगतच राहतं, म्हणजे अर्थला न जोडलेलं. तीन पिना दिसल्या म्हणून गृहीत काही धरू नका.

यूएसबी-सी पीडी चार्जर बहुतेक दोन पिनांचे असतात, म्हणजे तरंगणारे. आकाराने लहान आणि महाग असले तरी वाय कपॅसिटर त्यांच्यातही असतोच.

## ४. वीज चालू करून: आधी व्होल्टेज, मग करंट

सगळ्या जोडण्या सॉकेट बंद ठेवून क्लिपने करा आणि मग सॉकेट चालू करा. प्रोब हातात धरून बसू नका.

मीटर एसी व्होल्टवर. एक क्लिप टिपला, दुसरी अर्थला. दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर ६० पासून १२० पर्यंत काहीही दिसू शकतं. हा आकडा पाहून नवखा माणूस घाबरतो, आणि जुना माणूस तो भुताटकीचं रीडिंग म्हणून सोडून देतो. दोघांनीही पुढची पायरी करायची.

सॉकेट बंद करा. टिप आणि अर्थ यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडा, मीटर त्याच्या दोन टोकांवर ठेवा, सॉकेट पुन्हा चालू करा. लिकेज असेल तर व्होल्टेज एकदम खाली येईल. आलेल्या व्होल्टला १०० ने भागलं की मिलिअँपिअर मिळतात. उदाहरणार्थ, ८ व्होल्ट म्हणजे ०.०८ मिलिअँपिअर, म्हणजेच ८० मायक्रोअँपिअर. मीटरला एसीची लहान रेंज असेल तर १० किलोओहम वापरा, मग तोच करंट ०.८ व्होल्ट दाखवेल.

सगळ्या लेखात मी सर्वांत जास्त भर या एका चाचणीवर देईन, कारण लिकेज आणि फॉल्ट यांच्यातला फरक तीच दाखवते. कपॅसिटरमधून येणारा करंट अशक्त असतो, १०० किलोओहमचा भार पडताच व्होल्टेज कोसळतं. अॅडॉप्टरमध्ये इन्सुलेशन फुटून मेन्स थेट आउटपुटला आलं असेल तर रेझिस्टर जोडूनही व्होल्टेज शंभर-दोनशेला तसंच राहतं. असं दिसलं की लगेच सॉकेट बंद करा. तो अॅडॉप्टर पुन्हा वापरू नका आणि कुणाला देऊही नका.

रीडिंग कसं वाचायचं याचा ढोबळ अंदाज असा: ५० ते १५० मायक्रोअँपिअर हे चांगल्या अॅडॉप्टरचं नेहमीचं लिकेज. आयईसी ६०९५० या मानकात अर्थ नसलेल्या उपकरणाच्या हाताला लागणाऱ्या भागांसाठी ०.२५ मिलिअँपिअरची मर्यादा होती. पुढे त्याची जागा आयईसी ६२३६८-१ ने घेतली, पण घरच्या चाचणीसाठी हा जुना आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. २५० मायक्रोअँपिअरच्या वर गेलेला दोन पिनांचा अॅडॉप्टर मी आयर्नला लावत नाही.

१२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या मेन्सवर हेच आकडे साधारण साठ-पासष्ट टक्के येतील.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. साधा मल्टिमीटर फक्त ५० हर्ट्झच्या आसपासचं दाखवतो. अॅडॉप्टरच्या स्विचिंगचे काटेरी पल्स त्याला दिसत नाहीत. ऑसिलोस्कोप असेल तर टिपवर एकदा प्रोब लावून बघा, ५० हर्ट्झच्या लाटेवर बसलेले ते काटे स्पष्ट दिसतात.

## ५. सॉकेटच्या अर्थची खात्री

इथवरची सगळी मोजमापं आणि इथून पुढचं सगळं अर्थिंग सॉकेटच्या अर्थवर उभं आहे. तो अर्थच नसेल तर तुम्ही तीन पिनांच्या एक्स्टेंशनवरची सगळी उपकरणं एकमेकांना जोडता आणि ती सगळी मिळून तरंगतात. एका उपकरणातला फॉल्ट मग दुसऱ्याच्या धातूवर येतो.

सॉकेटमध्ये खुपसायचा तीन दिव्यांचा टेस्टर अर्थ आहे की नाही एवढं सांगतो. तो अर्थ किती चांगला आहे हे त्याला सांगता येत नाही, आणि कुणी अर्थ म्हणून न्यूट्रलच जोडून ठेवला असेल तर तेही त्याला कळत नाही. वायरिंगचा भरवसा नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थ लूपचा रेझिस्टन्स मोजून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (करंट अर्थकडे गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

न्यूट्रलला अर्थ म्हणून कधीही वापरू नका. कुठेतरी न्यूट्रल तुटला तर तुमची टिप लाइव्ह होईल. गॅसच्या पाइपला हात लावायचाच नाही. पाण्याचे पाइप मधेच प्लास्टिकचे असतात, त्यांच्यावरही भिस्त नको.

## ६. अर्थ देण्याचे मार्ग

माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग म्हणजे अर्थ अशा उपकरणावरून घेणं, ज्याच्यावर तो आधीच बाहेर काढून दिलेला आहे. बेंच पॉवर सप्लायचं हिरवं टर्मिनल, किंवा ऑसिलोस्कोपवर प्रोब जुळवण्यासाठी दिलेल्या जागेजवळचं ग्राउंडचं टोक. तिथून लवचीक तार आयर्नच्या अर्थच्या स्क्रूला, आणि स्क्रू नसेल तर जॅकच्या मायनसला. मेन्सच्या प्लगला हात लावायची गरजच उरत नाही.

आयर्न बेंच सप्लायवरच चालवत असाल तर त्याहून सोपं: सप्लायचा मायनस आणि हिरवं टर्मिनल पट्टीने जोडून टाका.

यातलं काही नसेल तर स्टॅटिक-विरोधी कामासाठी मिळणारा तयार अर्थ प्लग घ्या. त्याच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिना प्लास्टिकच्या असतात, धातूची फक्त अर्थची. साध्या तीन पिनांच्या प्लगमध्ये फक्त अर्थची तार जोडून तसाच प्लग घरी करणारे पुष्कळ आहेत. नवख्या माणसाने ते करू नये. आतली एक सुटी तार चुकीच्या पिनेला लागली तर हातातलं आयर्न थेट फेजवर येतं.

तयार प्लग घेतानाही एक खाचखळगा आहे, आणि तो या विषयातला सगळ्यांत फसवा आहे. बऱ्याच अर्थ प्लगमध्ये आणि जवळपास सगळ्या मनगटी पट्ट्यांमध्ये १ मेगओहमचा रेझिस्टर असतो. मनगटासाठी तो योग्यच आहे: स्टॅटिक त्यातून आरामात उतरतं आणि माणूस चुकून लाइव्ह तारेला लागला तर करंट मर्यादित राहतो. पण टिपच्या लिकेजसाठी १ मेगओहम म्हणजे जवळजवळ काहीच नाही. २.२ नॅनोफॅरडचा ५० हर्ट्झला होणारा विरोधच सुमारे १.४५ मेगओहम आहे. हिशेब केला तर १ मेगओहममधून अर्थ केलेल्या टिपवर अजूनही ६५ व्होल्टच्या आसपास उरतात. तार जोडली, समाधान झालं, आणि मॉस्फेट तसेच मरत राहिले, असं होतं ते यामुळे.

तेव्हा तार जोडण्याआधी तिच्या दोन टोकांत रेझिस्टन्स मोजा. टिपच्या तारेत जवळपास शून्य हवा, मनगटाच्या तारेत १ मेगओहम हवा. दोन्ही तारांना वेगळ्या रंगाची टेप गुंडाळून ठेवा.

टिपच्या तारेतही मधे थोडा रेझिस्टन्स ठेवावा असं काहींचं म्हणणं असतं, म्हणजे चालू सर्किटला टिप लागली तर मोठा शॉर्ट होणार नाही. मुद्दा बरोबर आहे. १ किलोओहम ठेवला तर ८० मायक्रोअँपिअरला टिपवर ८० मिलिव्होल्टच राहतात, आणि घरगुती कामाला ते चालून जातं. मी मात्र थेट जोड पसंत करतो आणि चालू बोर्डवर सोल्डरिंग करतच नाही. कारखान्यांत पाळल्या जाणाऱ्या एएनएसआय/ईएसडी एस२०.२० या मानकातही टिप ते अर्थ २ ओहमच्या आत आणि टिपवरचं व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या आत अशी अपेक्षा आहे. रोजच्या तपासणीत १० ओहमपर्यंत चालतं.

वाय कपॅसिटर काढून टाकण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. तो ऐकू नका. अॅडॉप्टर उघडून केलेली अशी छेडछाड मेन्स आणि तुमच्यामधल्या एकमेव भिंतीत केलेली असते. त्या जागी दुसरा साधा सिरॅमिक कपॅसिटर लावणं तर त्याहून वाईट. वाय प्रकारचा कपॅसिटर शॉर्ट होऊ नये म्हणून मुद्दाम तसा बनवलेला असतो, साधा तसा नसतो. तो शॉर्ट झाला की मेन्स सरळ टिपवर.

## ७. अर्थ उपलब्धच नसेल तर

जुन्या वायरिंगच्या घरात किंवा प्रवासात असं होतं. तेव्हा लिकेजबद्दलची मूळ गोष्ट उपयोगी पडते: करंट वाहतो तो दोन वेगळ्या पातळीवरच्या बिंदूंमध्ये. टिप आणि बोर्ड आधीच एका तारेने बांधलेले असतील तर त्यांच्यामधल्या पार्टमधून वाहायला काही उरत नाही.

आयर्नच्या मायनसपासून किंवा अर्थच्या स्क्रूपासून एक क्लिप बोर्डच्या ग्राउंडला लावा, आणि ती लावल्यानंतरच टिप टेकवा. डिस्चार्ज व्हायचाच असेल तर तो त्या क्लिपमधून ग्राउंडच्या जाड तांब्यात होतो, नाजूक पायात नाही. काम संपल्यावर उलट क्रम: आधी टिप उचला, मग क्लिप काढा. मनगटी पट्टीही त्याच बिंदूला लावा, तिच्या १ मेगओहमसह.

हे चालतं ते बोर्ड बाकी कुठेही जोडलेला नसेल तरच. डेस्कटॉपला लागलेली यूएसबी केबल, ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप, प्रोग्रामरची रिबन, या सगळ्या वाटा बोर्डला गुपचूप अर्थला नेतात. बोर्डला दुसरा दोन पिनांचा अॅडॉप्टर लागलेला असेल तर तो स्वतःचं लिकेज घेऊन येतो. डाग देण्याआधी बोर्डची प्रत्येक केबल काढा. ही सवय अर्थ असलेल्यांनीही लावून घ्यावी. मेन्सशी थेट जोडलेल्या बोर्डच्या बाबतीत तर प्लग काढणं आणि मोठे कपॅसिटर रिकामे करणं याला पर्यायच नाही: अर्थ केलेली टिप तिथे लागली तर भडका उडेल.

बॅटरी हा दुसरा चांगला पर्याय. पॉवर बँक किंवा लिथियमचा पॅक मेन्सला जोडलेलाच नसतो, म्हणून मेन्सचं लिकेज शून्य. स्टॅटिक उरतं, त्यासाठी आयर्नचा मायनस, बोर्ड आणि मनगट १ मेगओहममधून एकत्र बांधले की पुरे. इथे तो रेझिस्टर योग्य जागी आहे. सहा सेलचा लिथियम-आयन पॅक पूर्ण भरलेला असताना २५.२ व्होल्ट देतो, तेव्हा २४ व्होल्टची मर्यादा असलेल्या आयर्नला पाच सेलचाच लावा, आणि पॅकच्या तारेत फ्यूज घाला. पॉवर बँक चार्जरला लावलेली असताना मात्र ती बॅटरी राहत नाही, चार्जरचं सगळं लिकेज तिच्यातून येतं. लॅपटॉपच्या पोर्टवर चालवलेल्या आयर्नलाही हेच लागू.

## ८. गरम टिपवर शेवटची तपासणी

थंड आयर्नवर १ ओहम आला म्हणजे गरम झाल्यावरही तोच राहील असं नाही. कार्ट्रिज जिथे बसते तिथला स्क्रू किंवा स्प्रिंग काळवंडलेली असेल तर तापमानाबरोबर तिथला रेझिस्टन्स वाढत जातो, आणि कामाच्या वेळी अर्थ नसल्यात जमा होतो.

तांब्याच्या कोऱ्या पीसीबीच्या तुकड्यावर सोल्डरचा वाटाण्याएवढा गोळा करा. त्या तांब्याला मीटरची एक क्लिप, दुसरी अर्थला. टिप पितळी गोळ्यात पुसा, ताजं सोल्डर लावा आणि त्या वितळलेल्या गोळ्यात बुडवून धरा. प्रोबचं टोक सरळ टिपवर दाबण्यापेक्षा असं मोजलेलं कितीतरी भरवशाचं असतं, कारण टिपवरचा ऑक्साइडचा थर आणि फ्लक्सची काजळी मध्ये येत नाहीत.

आधी एसी व्होल्ट बघा. अर्थ नीट असेल तर रीडिंग काही मिलिव्होल्टच्या वर जाऊ नये. मग ओहम. इथे एक अडचण येते: गरम टिप आणि थंड तारा यांच्या सांध्यांत थर्मोकपलसारखे मिलिव्होल्ट तयार होतात आणि ओहमचं रीडिंग त्यांच्यामुळे ढळतं, कधी चक्क मायनसमध्ये जातं. मीटरच्या दोन्ही क्लिपा अदलाबदल करून पुन्हा मोजा आणि दोन रीडिंगची सरासरी घ्या. मीटरच्या तारांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका, स्वस्त तारांमध्ये तोच अर्धा-पाऊण ओहम असतो.

रीडिंग ५ ओहमच्या वर असेल, किंवा टिप हँडलमध्ये हलवली की नाचत असेल, तर आयर्न थंड होऊ द्या, कार्ट्रिज काढा, तिचा मागचा भाग आणि पकडणारा स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा घट्ट बसवा. तरीही तेच आलं तर हँडलमधली अर्थची तार केबलच्या वळणाजवळ तुटत आलेली असते. केबल तिथे दोन बोटांत धरून वाकवत मीटरकडे बघा, तुटकी तार असेल तर आकडा उड्या मारतो. टिप बदलली, अॅडॉप्टर बदलला किंवा आयर्न दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर नेलं, तर चौथी आणि आठवी पायरी पुन्हा करा.